शेवटचा अंतरा गाळू नका! : जयंतीतील गायन स्पर्धा आणि आपली मुले

एप्रिल महिना लागला की आपल्या वस्त्यांचे रूप पालटते. विहाराच्या भिंतींना चुना लागतो, निळे झेंडे धुऊन वाळत पडतात, वर्गणीची पावतीपुस्तके दारोदार फिरू लागतात. त्यातच एके दिवशी विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिलेले दिसते : 'भव्य भीमगीत गायन स्पर्धा. वयोगट ८ ते १४ व १५ ते २१. नावे जयंती मंडळाकडे द्यावीत.' फळ्यापुढे मुलांची गर्दी होते. कोण नाव देणार, कोणते गाणे म्हणणार, साथीला ढोलकी कोणाची, याची चर्चा नळावर, पिठाच्या गिरणीत आणि शाळेच्या वाटेवर सुरू होते.

मोठ्या शहरांतील मिरवणुकांची वर्णने वर्तमानपत्रांत येतात. परंतु तालुक्याच्या गावी, समाजमंदिरापुढे बांधलेल्या मंचावर आपली मुले काय गातात, याची नोंद सहसा कोणी घेत नाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. मराठवाड्यातील अशा काही स्पर्धांना आम्ही गेलो. कधी श्रोते म्हणून, कधी परीक्षकांच्या टेबलाशी बसून. आनंद वाटावा असे पुष्कळ पाहिले, काळजी वाटावी असेही थोडे पाहिले. दोन्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

हे गाणे आले कोठून?

आपल्या समाजात गाणे ही केवळ करमणूक कधीच नव्हती. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या चळवळीने तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले आणि अक्षरओळख नसलेल्या शेतकरी-कष्टकऱ्यांपर्यंत विचार पोहोचविला. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक व त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरू लागले. दिवसभर राबायचे, रात्री कंदिलाच्या उजेडात जलसा करायचा. मेलेली गुरे ओढू नका, पोरांना शाळेत घाला, ताठ मानेने जगा, हे त्यांनी गाण्यातून आणि बतावणीतून सांगितले. एक जलसा आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा आहे, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार जुने कार्यकर्ते आजही अभिमानाने सांगतात.

जयंतीची परंपराही तेवढीच जुनी. बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी साजरी केली. म्हणजे जयंती आणि जलसा यांचा जन्म जवळजवळ एकाच काळातला. दोघे हातात हात घालूनच वाढले.

पुढे वामनदादा कर्डक आले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईत मोलमजुरी करताना त्यांनी मोठेपणी अक्षरे गिरवली, दुकानांवरच्या पाट्या वाचून जोडाक्षरे शिकले. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तोवर हजारो गीते त्यांनी समाजाच्या ओंजळीत टाकली होती. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने भीमगीत घराघरांत नेले. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच अखेरचा श्वास घेतला.

आणि या सर्वांच्या बरोबरीने गात होत्या आपल्या आया-आज्या. हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील भगिनींनी १९९६ साली गायलेल्या ओव्याही आहेत. पहाटे दळण दळणाऱ्या बाईला ना मंच होता, ना माईक, ना ढाल. तरी तिने बाबासाहेबांना भाऊ केले, बाप केले आणि पोरांच्या कानावर त्यांचे नाव घातले. आज आपला मुलगा मंचावर उभा राहतो तेव्हा त्याच्या मागे एवढी मोठी रांग उभी असते.

फळ्यापासून मंचापर्यंत

तालुक्याच्या गावातील स्पर्धा दोन-तीन रात्री चालते. काही ठिकाणी १४ एप्रिलच्या आधी, तर काही ठिकाणी जयंती झाल्यानंतर बुद्धपौर्णिमेपर्यंत केव्हाही. शेजारच्या गावांच्या तारखा एकमेकांवर येऊ नयेत, गायन पार्ट्या मिळाव्यात, हा हिशेब त्यामागे असतो. दुसरेही एक कारण आहे. मराठवाड्यातील आपली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ती परततात. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहिलेली, शाळा बुडालेली ही मुले गावात येतात आणि आठवडाभरात स्पर्धेला उभी राहतात. त्यांना सराव मिळालेला नसतो. परंतु फडातून परतताना बैलगाडीवर म्हटलेली गाणी त्यांच्या गळ्यात पक्की असतात. आम्ही ऐकलेल्या चांगल्या आवाजांपैकी काही आवाज या मुलांचेच होते.

साथीची कथा निराळी. पूर्वी प्रत्येक वस्तीत एखादा पेटीवाला आणि ढोलकीवाला असे. गाणारा 'काळी एक' म्हणाला की पेटीवाला सूर धरी, आणि पोराचा आवाज चढत नाही असे दिसले की हळूच पट्टी उतरवी. आता मोबाईलमधला तयार ट्रॅक वाजतो. सोय आहे, खर्च नाही, हे मान्य. पण बहुतेक ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो. त्याला त्या उंच पट्टीत ओरडावे लागते, अंतऱ्यापाशी आवाज चिरकतो, श्रोते हसतात आणि पोरगा पुन्हा मंचावर चढत नाही. वास्तविक मोबाईलवर ट्रॅकची पट्टी दोन-तीन सुरांनी खाली घेता येते. हे एवढेसे काम मंडळातील जाणत्या तरुणाने केले, तर कितीतरी मुलांचा उत्साह वाचेल. केहरव्याच्या आठ मात्रा हातावर मोजायला शिकविल्या, तर ट्रॅक बंद पडला तरी मूल अडणार नाही.

चार मिनिटांत काय गळते?

आता काळजीची गोष्ट. स्पर्धक जास्त आणि रात्र लहान, म्हणून मंडळे प्रत्येकाला चार मिनिटे देतात. मुले काय करतात? धृपद घेतात, पहिला अंतरा घेतात, जमल्यास दुसरा घेतात आणि घंटा वाजायच्या आत 'जयभीम' म्हणून उतरतात. शेवटचा अंतरा राहून जातो.

आमच्या शाहिरांची रीत अशी की कवीचे नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेले असते. संतांच्या अभंगात जशी नाममुद्रा, तशीच वामनदादांच्या गीतांत 'वामन'. छापील पुस्तक सगळ्यांपाशी नव्हते. गाणे तोंडोतोंडी फिरणार, एका पार्टीकडून दुसरीकडे जाणार, म्हणून रचणाऱ्याची ओळख गाण्याच्या अंगातच शिवून ठेवलेली असे. शेवटचा अंतरा गाळला की कवीच गळतो. शिवाय गाण्याचा निष्कर्षही बहुधा तिथेच असतो. आधीच्या कडव्यांत हकिगत येते आणि शेवटी समाजाला प्रश्न किंवा आदेश येतो. आपण हकिगत ऐकतो आणि प्रश्न ऐकायच्या आत टाळ्या वाजवितो!

एका स्पर्धेत परीक्षकांनी लहान गटातील मुलांना सहज विचारले, 'बाळ, हे गाणे कोणी लिहिले?' पहिल्या मुलाने गायकाचे नाव सांगितले. दुसऱ्याने यूट्यूबचे. तिसरी मुलगी म्हणाली, 'आमच्या आत्यानं.' सगळे हसले. चौकशी केली तेव्हा कळले की आत्याने ते वहीत उतरवून दिले होते. चवदार तळ्याचे गाणे म्हणणाऱ्या एका मुलाला महाड कोठे आहे हे सांगता आले नाही. मुलांचा यात काय दोष? त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि जे विचारले जात नाही ते शिकविलेही जात नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात व्यक्तिपूजेविषयी सावध केले होते. राजकारणातील भक्ती ही अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे, असे त्यांचे सांगणे होते. गाण्यातून त्यांचा जयजयकार जरूर व्हावा, तो आपल्या काळजातून येतो. परंतु गाणे जयजयकारापाशीच थांबले, तर ते आरती होईल. जलशाने आरतीचा मार्ग सोडूनच आपला मार्ग धरला होता, हे मुलांना सांगणारे कोणीतरी हवे.

निकालाची रात्र

स्पर्धा म्हटली की निकाल आला, आणि निकाल आला की कुरबुर आली. एका गावची हकिगत सांगतो. गावाचे व माणसांचे नाव सांगत नाही, कारण उद्देश कोणाला दुखविण्याचा नाही.

त्या वर्षी आम्ही श्रोत्यांत बसलो होतो. मोठ्या गटात नववीतील एका मुलीने असे गाणे म्हटले की मागे उभे असलेले रिक्षावालेही पुढे सरकले. तिचा बाप मोंढ्यात हमाली करतो. ढोलकीवर तिचा मामा होता. परीक्षकांनी तिला पहिला क्रमांक दिल्याचे मंचाजवळ सर्वांना समजले होते. पण निकाल पुकारला गेला तो पहिला क्रमांक विभागून, असा. दुसरे नाव होते जयंतीला मोठी देणगी देणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलाचे. मुलगा वाईट गात होता असे नाही. परंतु परीक्षकांच्या चिठ्ठीत जे नव्हते ते माईकवर कसे आले, याचे उत्तर कोणी दिले नाही. बापाने भांडण केले नाही. ढाल मंचावरच ठेवली, लेकीचा हात धरला आणि घरी गेला. अर्धी बक्षिसे वाटायची राहिली असताना निम्मे श्रोते उठून गेले.

पुढच्या वर्षी मंडळात नवी पोरे आली. ती त्या बापाकडे तीनदा गेली. 'मामा, पोरीला पाठवा, यंदा तसं होणार नाही.' तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, 'पोरगी गाईल. पण मार्क समद्यांम्होरं वाचायचे. पैल्या नंबराचेबी आन् शेवटच्याचेबी.' पोरांनी ते कबूल केले. त्या रात्री प्रत्येक स्पर्धकाचे गुण माईकवरून वाचले गेले आणि विहाराच्या फळ्यावर लिहिले गेले. मुलीचा दुसरा क्रमांक आला. बापाने मंचाजवळ येऊन स्वतःच्या हाताने ढाल घेतली आणि पहिल्या आलेल्या मुलाच्या पाठीवर थाप मारली.

आम्हांला यात मोठा धडा दिसतो. गरीब माणसाला पहिला नंबर हवाच असतो असे नाही. त्याला न्याय हवा असतो. समता आणि न्याय हे शब्द आपण भाषणात उठता-बसता वापरतो. आपल्याच मंचावर वशिला चालला तर मुलांच्या मनात ते शब्द फोल ठरतात. बारा वर्षांचे पोर संविधान वाचत नाही. पण फळ्यावरचे गुण वाचते!

मुलींचा आवाज कोठे जातो?

लहान गटात मुली मुलांच्या बरोबरीने, कित्येकदा अधिक असतात. मोठ्या गटात त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. आवाज गेला का? नाही. सराव रात्री नऊनंतर असतो, पोरांचा घोळका असतो, स्पर्धा बारापर्यंत चालते आणि परत यायला सोबत नसते. आईबाप म्हणतात, 'पुरे झालं गाणं, दहावी झाली आता.'

एका वस्तीतील भगिनींनी यावर साधा उपाय काढला. सराव सायंकाळी पाच ते सात, विहारातच ठेवला. दोन आया आळीपाळीने तेथे भाजी निवडत बसू लागल्या. स्पर्धेच्या रात्री मुलींची गाणी आधी घेतली आणि महिला मंडळाने त्यांना घरोघर पोहोचविले. त्या वर्षी मोठ्या गटात मुलींची संख्या वाढली. याच वस्तीने अंतिम फेरीपूर्वी आज्यांना मंचावर बोलाविले आणि जात्यावरच्या दोन-दोन ओव्या म्हणायला लावल्या. एक आजी माईक बघून लाजली. म्हणाली, 'ह्या डब्यात नाही म्हणायची मी, अशीच म्हणते.' तिने तशीच म्हटली, आणि सगळा मांडव गप्प झाला. नातवंडांना त्या दिवशी कळले की आपल्या घरात शाहीर होता.

छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. हातात एकतारी घेऊन दारोदार गाणाऱ्या या भगिनीचा आवाज कोणीतरी मोबाईलवर टिपला आणि तो महाराष्ट्रभर पोहोचला. त्यांच्यामागे ना मोठा वाद्यवृंद होता, ना कोणाची शिफारस. असे किती आवाज सासरी चुलीपुढे विझून गेले असतील, याचा विचार प्रत्येक बापाने, भावाने आणि नवऱ्याने करावा.

डीजे की ढोलकी?

या विषयावर वस्तीत दोन तट पडतात, म्हणून शांतपणे बोलू. वर्षभर हमाली, बांधकाम, सफाई करणारा तरुण एक दिवस नाचला तर त्यात पाप नाही. पण हिशेब करावा. समजा, मंडळाने डीजेला पन्नास हजार रुपये दिले. ते पाच तासांत हवेत विरतात. त्यातील निम्म्या रकमेत एक बरी पेटी आणि एक चांगली ढोलकी येऊ शकते, आणि ती विहारात वर्षानुवर्षे राहतात. त्यावर शिकलेली मुले पुढे दुसऱ्या गावच्या जयंतीत साथ करून चार पैसेही मिळवितात.

कायद्याची बाजूही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातील ठरावीक दिवशी रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. डीजेच्या भिंतीपुढे हा आकडा टिकत नाही. मग गुन्हे दाखल होतात ते मंडळाच्या पोरांवर, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तेच आडवे येतात. डीजेवाला आपले सामान बांधून निघून गेलेला असतो. शिवाय डीजेवर गाणे वाजते खरे, पण पोर गात नाही. ऐकणारा आणि गाणारा यांत फरक आहे. ज्या मुलाने चारशे माणसांपुढे उभे राहून सूर धरला, तो उद्या मुलाखतीत किंवा कामगार सभेत बोलताना थरथरत नाही.

मंडळांना आमच्या सूचना

१. वेळ चारऐवजी सहा मिनिटे द्यावी. स्पर्धक जास्त असतील तर प्राथमिक फेरी दिवसा घ्यावी. शेवटचा अंतरा म्हणणे सक्तीचे करावे.

२. गाण्याआधी स्पर्धकाने कवीचे नाव आणि गीताचा प्रसंग दोन वाक्यांत सांगावा. त्याला गुण ठेवावेत. सूर ३०, ताल २०, शब्दोच्चार २०, आशयाची समज २० आणि सादरीकरण १० अशी विभागणी करून पाहावी.

३. परीक्षकांपैकी एक तरी बाहेरगावचा असावा व एक भगिनी असावी. देणगीदार व मंडळाचे पदाधिकारी परीक्षक नसावेत. गुण सर्वांसमोर वाचून फळ्यावर लावावेत.

४. ऊसतोडीहून परतणाऱ्या कुटुंबांसाठी नावनोंदणी शेवटच्या दिवसापर्यंत खुली ठेवावी. प्रवेश फी घेऊ नये.

५. मुलींचा सराव सायंकाळी व्हावा. घरी पोहोचविण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. लेकी-सुनांसाठी व आज्यांसाठी एक वेगळा गट ठेवावा.

६. बक्षिसात ढालीबरोबर वही-पुस्तके किंवा पेटीच्या शिकवणीची फी द्यावी. ढालीवर धूळ बसते, विद्येवर बसत नाही.

आणि आईबापांना एक विनंती. आपले मूल स्पर्धेला उभे राहणार असेल तर निदान दोन संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. गाणे पूर्ण म्हणवून घ्या, एकेका शब्दाचा अर्थ विचारा, आणि तो आपल्याला येत नसेल तर शेजारच्या गुरुजींना विचारा. वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले, मग आपणांस लाज कसली? नंबर येवो न येवो, पोराला घरी आल्यावर गोडाचा घास द्या. या जयंतीत तुमच्या वस्तीतील एका तरी मुलाने गाणे शेवटच्या अंतऱ्यापर्यंत म्हटले, तर आम्ही समजू की हा मजकूर लिहिल्याचे सार्थक झाले.

जयभीम!